कडेवर मूल, हातात पासपोर्ट

पुण्यातल्या कोंढवा, कॅम्प, सय्यदनगर या भागांत ज्या घरातले कोणीच परदेशात नाही असे घर आता शोधावे लागते. कुणाचा भाऊ दम्मामला, कुणाचा जावई दुबईला, कुणाचा मुलगा लंडन नाहीतर टोरांटोला. नोकरी आधी पुरुषाची लागते आणि बायको-मुलाचा व्हिसा मागाहून येतो. तो येईपर्यंत नवऱ्याची रजा संपलेली असते. मग दीड-दोन वर्षांचे मूल कडेवर घेऊन हा लांबचा प्रवास एकट्या बाईलाच करावा लागतो.

मी स्वतः तो केला तेव्हा माझी मुलगी एकोणीस महिन्यांची होती. तिचे अब्बू दोन वर्षांच्या कामावर लंडनला होते आणि आमचा मार्ग मुंबई-दोहा-लंडन असा होता. त्यानंतर भाची टोरांटोला निघाली, शेजारची सून दम्मामला निघाली आणि दर वेळी घरात तोच सवाल ऐकला, "एकटी कशी जाणार?" मेहरमचा मसला ज्या त्या घराने आपल्या आलिमांना विचारून आधीच सोडवलेला असतो. मी बोलते आहे ते निघायचे ठरल्यानंतरच्या तयारीबद्दल आणि त्या एका रात्रीबद्दल.

लोहगाव असताना मुंबई कशाला?

नवख्या माणसाला हे कोडेच वाटते. पुण्याचा विमानतळ मुळात हवाई दलाचा. नागरी विमानांना त्याचा एक भाग वापरायला मिळतो. २०२४ मध्ये तिथे नवे, प्रशस्त टर्मिनल सुरू झाले, पण धावपट्टी तीच राहिली, साधारण अडीच किलोमीटरची. पोटभर इंधन आणि तीनशे माणसे घेऊन दहा-बारा तास उडणाऱ्या मोठ्या विमानाला याहून लांब धावपट्टी लागते. एके काळी लुफ्थान्साचे एक लहान विमान पुण्याहून फ्रँकफर्टला जात असे. आता लोहगावची परदेशी वाहतूक दुबई, बँकॉकसारख्या मोजक्या शहरांपुरती आहे. दिल्लीमार्गे जाता येते, पण तिथे अपरात्री विमान बदलावे लागते. म्हणून पुणेकर आईचा परदेश प्रवास विमानात बसण्याआधी चार-पाच तास, गाडीतच सुरू होतो. नवी मुंबईचा विमानतळ डिसेंबर २०२५ मध्ये सुरू झाला आहे. तिथून लांब पल्ल्याची विमाने नियमित सुटू लागली, की आपला तासभर तरी वाचेल.

द्रुतगती मार्ग किवळ्यापासून कळंबोलीपर्यंत सुमारे पंचाण्णव किलोमीटरचा आहे. पण कात्रजच्या बाजूने बाहेर पडून सहारच्या टर्मिनलपर्यंतचा सगळा पल्ला दीडशे किलोमीटरच्या पुढे जातो. शनिवार-रविवार जोडून आला, की खंडाळ्याच्या घाटात गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकतात. पहाटे चारचे विमान असेल तर रात्री आठला घर सोडलेले बरे. घाटात लहान मुलांना हमखास मळमळते, म्हणून निघण्याआधी पोटभर दूध पाजू नये. घाट उतरल्यावर खालापूरच्या फूड मॉलवर थांबावे, लंगोट बदलावा, मग खायला द्यावे. पुढे मूल झोपते आणि आईलाही तासभर डोळा लागतो. त्या रात्रीची तीच काय ती झोप.

आधी कागद, मग कपडे

आपल्याकडे तयारी म्हणजे बॅगा भरणे. खरी तयारी कागदांची असते आणि ती दोन-तीन महिने आधी सुरू व्हावी लागते.

मूल कितीही लहान असो, त्याला स्वतःचा पासपोर्ट लागतो. लहान मुलांचा पासपोर्ट पाच वर्षे चालतो. मुंढव्याच्या पासपोर्ट सेवा केंद्रात जाताना चार वर्षांखालील मुलाचा पांढऱ्या पार्श्वभूमीचा फोटो आपणच न्यावा लागतो. अर्जासोबत आई-वडील दोघांच्या सह्यांचे निवेदन द्यायचे असते. वडील परदेशात असतील तर त्यांचे कागद तिथल्या भारतीय वकिलातीतून करून आणण्यात वेळ जातो. म्हणून ते पुण्यात आहेत तोवरच हे काम उरकावे.

दुसरी गोष्ट नावाची, आणि ती आपल्या घरांत जास्त नडते. आईच्या पासपोर्टवर माहेरचे नाव आणि शेवटी बेगम किंवा बी. मुलाच्या पासपोर्टवर वडिलांचे आडनाव. कुठे शेख आधी, कुठे शेवटी. आपल्याला यात काही वावगे दिसत नाही. पण परक्या देशाच्या काउंटरवरच्या अधिकाऱ्याला दोन वेगळ्या नावांची बाई आणि बाळ दिसते. मुले पळवून नेण्याचे गुन्हे जगात घडतात, त्यामुळे चौकशी करणे हे त्याचे कामच आहे. यासाठी तीन कागद जवळ ठेवावेत. महानगरपालिकेचा जन्मदाखला, ज्यावर आईचे नाव आहे. निकाहनाम्याची इंग्रजी प्रत. आणि मुलाला आईबरोबर येऊ देण्यास आपली हरकत नाही, असे वडिलांचे सही केलेले इंग्रजी पत्र, त्यांच्या पासपोर्टच्या प्रतीसह. कॅनडाला जाणाऱ्यांनी तर हे पत्र विसरूच नये. सगळे कागद छापील असावेत. मोबाईलची बॅटरी नेमकी रांगेत असतानाच संपते.

लंडनला माझ्याकडे हे कागद होते. अधिकाऱ्याने पाहिले, मग माझ्याकडे बोट करून मुलीला विचारले, ही कोण? इंग्रजी तिला कळण्याचा प्रश्नच नव्हता. पण बोट कुणाकडे आहे हे कळले आणि ती म्हणाली, "अम्मी." तो हसला आणि शिक्का मारला. शिक्का बसला तो कागदांमुळे, हेही खरेच.

तिसरी गोष्ट तिकिटाची. दोन वर्षांखालील मुलाला वेगळी जागा मिळत नाही, ते मांडीवर बसते, आणि भाडे साधारण मोठ्यांच्या दहावा हिस्सा असते. दोन वर्षे पूर्ण झाली, की पूर्ण जागा घ्यावी लागते. परतीच्या आधी वाढदिवस येत असेल तर परतीचे तिकीट जागेसह काढावे. पुढच्या रांगेसमोर भिंतीला लावतात तो पाळणा आधी फोन करून मागावा लागतो. पण त्याला वजनाची मर्यादा असते, बहुतेक कंपन्यांत दहा-अकरा किलोची. माझ्या मुलीचे पाय त्यातून बाहेर येत होते. दीड वर्षाच्या पुढे पाळण्याची आशा न धरता त्या रांगेतली मोकळी जमीन मिळाली हेच खूप समजावे.

दारापाशी सगळे थांबतात

मुंबईच्या दुसऱ्या टर्मिनलच्या दारावर सीआयएसएफचा जवान पासपोर्ट आणि तिकीट पाहतो. सोडायला आलेल्यांना तिथेच थांबावे लागते. सासूबाई बाळाचे मुके घेतात, अम्मी काही पढून फुंकते, आणि दोन पावलांनंतर तुम्ही आणि मूल, दोघेच. पुढे काय काय येते हे माहीत असेल तर ही दोन पावले जड जात नाहीत.

मोठ्या बॅगा काउंटरवर गेल्या, की हात मोकळे होतात. इमिग्रेशनला चेहरा दाखवावाच लागतो. नकाब घेणाऱ्या भगिनींनी महिला अधिकारी असल्यास तिच्यासमोर नकाब काढू द्यावा अशी विनंती करावी, शांतपणे आणि आधीच. सुरक्षा तपासणीत बायकांची तपासणी बाईच करते, पडद्याच्या आड. मूल कडेवरून उतरवायला सांगतात, बाबागाडी घडी करून यंत्रातून जाते. द्रव पदार्थांना शंभर मिलीलीटरची मर्यादा असते, पण बाळाचे दूध, उकळून गार केलेले पाणी, खिमटी यांना प्रवासापुरती सूट असते. ते वेगळ्या पिशवीत ठेवून स्वतःच पुढे करावे. लपवल्यासारखे दिसले, की उशीर होतो.

आणि रांग लांब दिसली तर कर्मचाऱ्याला सरळ विचारावे, "मूल लहान आहे, पुढे घ्याल का?" आपल्या मुलींना कुणाकडे काही मागायचे नाही, असे शिकवून वाढवलेले असते. शाळेत मी पाहते, वर्गात हुशार मुलगी पाणी प्यायला जाऊ का हे विचारायलाही लाजते. विमानतळावर ही लाज फार महाग पडते. लहान मुलांच्या कुटुंबांना आधी विमानात चढवणे, आईला सोबतीला माणूस देणे, ही तिथल्या कामाचीच बाब आहे. कुठे ती फुकट असते, कुठे पैसे भरून. पण तोंड उघडल्याशिवाय कुणाला कळत नाही.

तपासणी झाल्यावर घाईने दाराशी जाऊन बसू नये. २०१४ मध्ये सुरू झालेल्या या टर्मिनलमध्ये 'जय हे' नावाची कलाकृतींची लांबच लांब भिंत आहे. जुने दरवाजे, झरोके, लाकडी मूर्ती, रंगीत चित्रे. त्या भिंतीकडेने मुलाला अर्धा तास मोकळे चालू द्यावे. दमलेले मूल विमानात झोपते.

मधला विमानतळ

पहिले विमान तीन-चार तासांचे, त्यामुळे सोपे जाते. खरी दमछाक मधल्या विमानतळावर होते, कारण तिथे आपण अर्धवट झोपेतून उठलेले असतो आणि पुढचे दार कुठे आहे ते ठाऊक नसते. दोन विमानांमध्ये मुलासोबत निदान तीन तास असावेत. स्वस्त तिकिटासाठी सव्वा तासाचा फेर घेऊ नये आणि नऊ तासांचाही घेऊ नये.

बाबागाडीबद्दल एक सांगते. नात्यातल्या एका मुलीला काउंटरवर सांगितले गेले, की गाडी मधल्या विमानतळावर विमानाच्या दाराशी मिळेल. प्रत्यक्षात ती थेट शेवटच्या शहरी गेली आणि बारा किलोचे झोपलेले मूल खांद्यावर टाकून तिला अर्धा तास चालावे लागले. म्हणून गाडीला लावलेल्या पट्टीवर कोणत्या शहराचे नाव आहे ते आपल्या डोळ्यांनी वाचावे. आणि एक मोठी सुती ओढणी जवळ ठेवावी. झोळी बांधता येते, पांघरूण होते, दूध पाजताना आडोसा होतो. दुबईच्या तिसऱ्या टर्मिनलवर विमानतळाच्याच बाबागाड्या वापरायला मिळतात.

दोहा आणि दुबई दोन्हीकडे बायकांसाठी वेगळ्या नमाजच्या खोल्या आहेत. शांत, गालिचा अंथरलेल्या. दोह्याला मी फजरसाठी गेले तेव्हा मुलगी जागी होती आणि सोडायला तयार नव्हती. शेजारी बसलेल्या एका इंडोनेशियाच्या आजींनी हात पुढे केले. आम्हाला एकमेकींच्या भाषेतला एकच शब्द येत होता, सलाम. त्या माझ्यासमोरच बसल्या, मुलीला मांडीवर घेतले, आणि मी दोन रकात शांतपणे पढले.

विमानात

विमान चढताना आणि उतरताना मुलांचे कान दुखतात. त्या वेळी काहीतरी चोखू किंवा गिळू द्यावे, अंगावरचे दूध असो वा बाटली. सर्दी जोरात असेल तर निघण्याआधी डॉक्टरांना दाखवावे. झोप यावी म्हणून सर्दीचे औषध पाजा, असा सल्ला मोहल्ल्यात कुणी ना कुणी देतेच. डॉक्टरांना विचारल्याशिवाय असे काही देऊ नये. काही मुले त्या औषधाने झोपण्याऐवजी जास्त पिसाळतात, आणि मात्रा चुकली तर आकाशात दवाखाना नाही.

आखाती कंपन्यांत जेवण हलालच असते. युरोपच्या कंपनीने जाणार असाल तर 'मुस्लिम मील' निदान एक दिवस आधी नोंदवावे, मुलाचे वेगळे. हातातल्या पिशवीत लंगोट तासांच्या हिशेबाने घ्यावेत, दोन-तीन तासांना एक, वर चार जादा. मुलाचे दोन जोड असावेत आणि आईचाही एक कुर्ता, कारण उलटी होते ती बहुतेक आईच्याच अंगावर. खेळणी सगळी एकदम काढू नयेत. तासाला एक काढले तर आठ खेळण्यांत आठ तास निघतात.

बॅगेत काय नको

पाठवणीच्या प्रेमात घरचे लोक बॅगेत काय काय कोंबतात. संयुक्त अरब अमिरातीत खसखस नेणे गुन्हा आहे, मग ती मसाल्यात का असेना. सुके खोबरे तेलकट आणि पेट घेणारे म्हणून विमानात चालत नाही. ब्रिटनमध्ये भारतातून मांसाचे आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, म्हणजे शामी कबाब आणि पेढे दोन्ही गेले. बाळाची सीलबंद दूध पावडर मात्र चालते. ज्या मुलीला एका हातात मूल सांभाळायचे आहे, तिच्या बॅगेचे वजन मर्यादेच्या काठावर नेऊ नये. तिकडच्या नातेवाइकांसाठीचे सामान दुसऱ्या कुणाबरोबर जाईल.

त्यापेक्षा घरच्यांनी तिला निघायच्या दिवशी दुपारी चार तास झोपू द्यावे. पाहुण्यांना आदल्या दिवशी बोलवावे. तिच्या पर्समध्ये थोडे डॉलर किंवा पौंड ठेवावेत. पोचल्यावर चार-पाच दिवस मूल पहाटे दोनला उठून खेळेल, कारण त्याच्या अंगात अजून पुण्याची वेळ असते. तेव्हा "तू काय केलेस त्याला?" असे फोनवर विचारू नये.

भाची टोरांटोला निघाली तेव्हा मुंबई ते दुबई आणि तिथून पुढे चौदा तास, मुलगा बावीस महिन्यांचा. आम्ही सगळे दिवसभर फोनकडे डोळे लावून होतो. पोचल्यावर तिने रांगांबद्दल किंवा रडण्याबद्दल काहीच सांगितले नाही. एवढेच म्हणाली, "खाला, परत येईन तेव्हा त्याच्या अब्बूंची रजा नसली तरी चालेल. तुम्ही फक्त मुंबईला घ्यायला या."