बाजारातल्या तुरी

शेपटीवर मोर घ्यायचा की माळढोक, हे काही केल्या ठरत नाही. शेपटी आहे जेमतेम 3 सेंटिमीटर उंच. विमान एटीआर 72; खरं 27 मीटर लांब, माझ्या टेबलावर 1:144 या प्रमाणात 19 सेंटिमीटर. सांधे पुट्टी भरून घासले, प्रायमर बसला, पांढऱ्याचे दोन हात झाले. शेपटी तेवढी कोरी आहे, कारण ज्या कंपनीचं हे विमान, ती कंपनीच नाही. सोलापूरची स्वतःची विमान कंपनी कधी नव्हती आणि बहुधा होणारही नाही. तिचे रंग ठरवायचे कुणी? मी ठरवायला बसले आहे, आणि घरात त्यावरून दोन तट पडले आहेत.

आईचं मत एका म्हणीत आटोपतं. "बाजारात तुरी, नि भट भटणीला मारी." एवढं बोलून ती टीव्हीकडे वळते.

म्हण लागू आहे, पण तिच्यात काहीतरी सलतं. तुरी बाजारात आहेत, म्हणजे त्या आहेत. शेतात उगवल्या, झोडपल्या, पोत्यात भरल्या, अडत्याच्या ओट्यावर आल्या. संक्रांतीच्या सुमारास दुधनीच्या बाजारात उभं राहिलं की कळतं, बाजारातली तूर म्हणजे काही हवेतली गोष्ट नव्हे. हवेत आहे ते फक्त भटाचं वरण. मग तो भट तुरींसाठी इतका हातघाईवर का येतो? त्याच्या घरी तर शिध्यात डाळ यायची, आयती, फुकट. आणि बाजारात डाळ नाही, तुरी आहेत. तुरीची डाळ करायची म्हणजे तेल-पाणी चोळायचं, उन्हात टाकायच्या, जात्यावर भरडायच्या, पाखडायच्या. हे सगळं करणार कोण? भटीण. मला तर वाटतं भांडण पातळ वरण की घट्ट वरण, असलं नव्हतंच. ती म्हणाली असेल, आणाल तर डाळ आणा, तुरी आणू नका. म्हणजे त्या घरात व्यवहाराचं बोलणारी तीच एकटी, आणि मारही तिलाच. म्हण रचणाऱ्याला त्यात हसण्यासारखं दिसलं ते दोघांचं भांडण. पण म्हणीत दोघं भांडत नाहीत, एक मारतो. शिवाय तुरी पुढे घरात आल्या की नाही, आल्यावर काय शिजलं, हे म्हण सांगतच नाही. आईला विचारलं, तर ती म्हणाली, "अगं, म्हणीला कुणी पुढचं विचारतं का?"

पण मला पुढचंच विचारायचं आहे. कारण आमच्याकडच्या तुरी घरात आल्या. होटगी रोडचा विमानतळ वर्षानुवर्षं तिथेच होता; मधे किंगफिशरचं विमान काही काळ येऊन गेलं आणि बंद पडलं. नंतर गाव सगळं सिद्धेश्वर साखर कारखान्याच्या चिमणीवरून भांडत राहिलं. सहवीज प्रकल्पाची सुमारे 90 मीटर उंच चिमणी, विमानाच्या वाटेत. उसाचं काय, सभासदांचं काय, आणि विमान आलंच नाही तर काय? 15 जून 2023 ला चिमणी पाडली. 9 जून 2025 ला फ्लाय91 चं विमान गोव्याला निघालं; एटीआर 72 च, माझ्या टेबलावरचंच. त्याच वर्षी ऑक्टोबरात मुंबईचंही सुरू झालं. खरं विमान आलं, त्याच्या अंगावर त्याच्या कंपनीचे रंग होते, आणि माझ्या खोट्या विमानाची गंमत कमी व्हायला हवी होती. झाली नाही. उलट आता चुकायची भीती वाटते. विमान नव्हतं तोवर काहीही चाललं असतं.

मॉडेलवरून माणसं खरोखर भडकतात. 1997 मध्ये ब्रिटिश एअरवेजने विमानांच्या शेपट्यांवरून आपला झेंडा काढून देशोदेशींच्या कलाकारांची चित्रं लावली. हुजूर पक्षाच्या अधिवेशनात कंपनीच्या टेबलावर 747 चं मॉडेल ठेवलेलं होतं. मार्गारेट थॅचर तिथे आल्या, त्यांनी पर्समधून रुमाल काढला आणि मॉडेलची शेपटी झाकून टाकली. खरी विमानं बाहेर उडतच होती. राग निघाला मॉडेलवर. 1999 मध्ये कंपनीने माघार घेतली. रुमालाने घेतली असं मी म्हणणार नाही, पण तो रुमाल लोकांच्या लक्षात राहिला. आपल्याकडे एअर इंडियाने 1971 साली पहिलं 747 आणलं तेव्हा खिडकी-खिडकीभोवती राजवाड्याच्या झरोक्यासारखी लाल महिरप काढली होती. कुणी रुमाल काढल्याचं ऐकिवात नाही. आपल्याला नक्षी चालते.

तेव्हा नक्षीच घ्यावी, चादरीची, असा घरातला एक तट. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, सगळ्या महाराष्ट्राने ती कधी ना कधी पांघरलेली आहे, आणि मोर तिच्यावर पहिल्यापासून आहे. 60 बाय 90 इंचांची चादर 1:144 मध्ये नखाएवढी होते, म्हणजे शेपटीवर मोर काढायचा तर तो मोठा करूनच काढावा लागणार. जेकार्डवरच्या मोराला गोलाई नसते, कडा पायरीपायरीने चढते. त्या पायऱ्या डिकॅलवर छापता येतील. हातानं रंगवायला गेले तर मोर गुळगुळीत होईल आणि तो मग चादरीचा राहणार नाही, कॅलेंडरचा होईल.

दुसरा तट म्हणजे मी, निदान काल-परवापर्यंत मीच. मला माळढोक हवा होता. तपकिरी पाठ, पांढरी मान, डोक्यावर काळी टोपी. रंगसंगती विमानाला शोभते. नर 15 किलोपर्यंत भरतो, उडणाऱ्या पक्ष्यांत इतके वजनदार फार थोडे. मादी माळावर उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडं घालते. त्याच्यासाठी नान्नजला 1979 मध्ये अभयारण्य झालं, आणि आज तिथे तो दिसला तर बातमी होते. राष्ट्रीय पक्षी निवडायचा होता तेव्हा सालिम अली माळढोकच्या बाजूचे होते. 1963 मध्ये मोर झाला. म्हणजे माझ्या 3 सेंटिमीटरांवर तीच निवडणूक पुन्हा लागली आहे, आणि मला माळढोकला एकदा तरी जिंकवायचं होतं.

मग बोरामणी आठवलं. मोठा विमानतळ तिथे व्हायचा होता, जमीनही घेतली, आणि प्रकरण वनजमिनीपाशी, माळढोकच्या नावापाशी अडलं. ज्या पक्ष्याच्या माळावर धावपट्टी आखायची त्याचंच चित्र विमानाच्या शेपटीवर? झाडं तोडून उभ्या केलेल्या सोसायटीला झाडाचं नाव देतात, त्यातलाच प्रकार. पण बोरामणी झालेलं नाही, आणि माळढोक काही विमानाने घालवला नाही. माळ नांगरले गेले, मग ऊस आला, विजेच्या तारा आल्या. शिवाय अभयारण्याच्या हद्दीत जमिनीचे व्यवहार अडकलेल्या शेतकऱ्याला विचारलं, तर तो शेपटीवर काय काढायला सांगेल कोण जाणे. आणि मोर तरी निर्दोष आहे का? तो ज्या मागांवर विणला जातो ते माग किती उरलेत? चिमणीच काढ, असं भाऊ म्हणाला. विनोदाने म्हणाला असावा. मी हिशेब केला: 1:144 मध्ये ती 62 सेंटिमीटर होते, विमानाच्या तिपटीहून उंच. बाजूला उभी करायची म्हटली तर टेबलावर मावेल. माझी कंपनी खोटी आहे, तिच्या आकाशात चिमणी आणि विमान दोन्ही राहू शकतात. तिथे कुणाला काही पाडावं लागत नाही. हे सुचलं तेव्हा बरं वाटलं, आणि लगेच जरा लबाडीचंही वाटलं.

आता एक नवंच डोक्यात घोळतंय. चादरीच्या दोन्ही बाजू वापरता येतात, एकीवर जमीन लाल तर पालटल्यावर नक्षी लाल. शेपटीलाही दोन बाजू असतात. एकीवर मोर, दुसरीवर माळढोक, रंग उलटसुलट. वाद मिटायला हरकत नव्हती. पण एटीआरचं प्रवाशांचं दार मागे असतं, डाव्या अंगाला, शेपटीच्या अगदी जवळ. चढणारा-उतरणारा माणूस डावीच बाजू बघणार. उजवी धावपट्टीकडे तोंड करून उभी. आईला हे समजावून सांगितलं तर तिने टीव्हीचा आवाज कमी केला आणि पहिल्यांदाच विचारलं, "मग डावीकडं कोण?"