म्हशीची सोय आधी, ताजमहाल मागून

सुगी जवळ आली की पुष्कळ घरांत रात्रीच्या जेवणानंतर एक विषय हळूच निघतो. "औंदा पीक बरं आहे. रेल्वेनं कुठंतरी लांब जाऊन यायचं का?" पंढरपूर, तुळजापूर, शिर्डी झालेलं असतं. आता पोरांना दिल्ली-आग्रा दाखवावं, म्हातारीला मथुरा-वृंदावन घडवावं असं मनात येतं. विचार चांगला आहे. मात्र पहिल्याच लांबच्या सहलीत सहा दिवसांत पंचवीस ठिकाणं गाठायचा बेत झाला, की माणसं गावी परततात ती पाय सुजवून, आणि काय काय पाहिलं ते आठवेनासं होतं. म्हणून या सहलीची आखणी कशी करावी, याविषयी चार व्यवहाराच्या गोष्टी सांगतो.

पहिला प्रश्न ताजमहालाचा नाही, गोठ्याचा आहे. आठवडाभर धारा कोण काढणार? याचं उत्तर ठरलं नाही की घरची बाई म्हणते, "मी राहते, तुम्ही जाऊन या." आणि सगळे ते मान्यही करतात! बैलगाडीच्या काळापासून हेच चालत आलं आहे. तेव्हा दोन महिने आधी शेजाऱ्याशी किंवा भावकीत सावड करा. तुमचा गोठा आज त्यांनी पाहावा, त्यांच्या वेळेला तुम्ही पाहावा. म्हैस परक्या हाताला लवकर पान्हा सोडत नाही. म्हणून निघण्याआधी सात-आठ दिवस त्याच माणसाला सकाळ-संध्याकाळ धारेला बसवा. पेंडीचं, कडब्याचं माप दाखवून ठेवा आणि जनावरांच्या डॉक्टरांचा नंबर गोठ्याच्या भिंतीवर खडूनं लिहा.

दुसरी गोष्ट, ठिकाणं कोणी ठरवायची? घरातल्या सगळ्यांना एकत्र बसवा आणि प्रत्येकाला एकच नाव सांगायला लावा. आजी म्हणेल मथुरा-वृंदावन. मुलगा म्हणेल, शिवाजी महाराज जिथं औरंगजेबासमोर उभे राहिले तो आग्र्याचा किल्ला. मुलीला लाल किल्ला पाहायचा असेल. घरधन्याला दिल्लीचं पुसा पाहायचं असेल, कारण गव्हाच्या कितीतरी सुधारित जाती तिथून आल्या. मग घरच्या बाईला विचारावं, तर उत्तर ठरलेलं असतं. "माझं मेलीचं काय? तुम्ही जाल तिकडं."

"अगं, तसं नाही. तू नाव सांगितल्याशिवाय यादी पुरी व्हायची नाही."

थोडा वेळ जाऊ द्या. "मग ताजमहाल," असं ती म्हणेल. पाच माणसं, पाच नावं. झाली यादी. वाटेत आणखी काही जमलं तर ते वरकड समजावं. या पाचांतलं एकही मात्र सोडू नये.

आता वेळ. एप्रिल-मे महिन्यात आग्रा-दिल्लीची हवा भट्टीसारखी तापते. डिसेंबरअखेर आणि जानेवारीत तिकडं दाट धुकं पडतं, गाड्या तासन्‌तास उशिरा धावतात. दिवाळी आणि छठपूजेच्या दिवसांत गाड्यांना पाय ठेवायला जागा नसते. आपल्या दृष्टीनं कार्तिकी एकादशी उलटल्यावर, हरभऱ्याची पेरणी आटोपून, नोव्हेंबरअखेर ते डिसेंबरचा पहिला पंधरवडा हा काळ बरा. गव्हाचं एक पाणी देऊन निघावं, दुसऱ्याच्या आत परत यावं.

तिकिटाचं गणित इथंच अडतं. १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचं आरक्षण प्रवासाच्या साठ दिवस आधी उघडतं. म्हणजे नोव्हेंबरअखेरच्या प्रवासाचं तिकीट घटस्थापनेच्या सुमारास काढावं लागतं, जेव्हा सोयाबीन अजून शिवारात असतं आणि पैसा बाजारात. त्यासाठी तिकिटापुरती रक्कम आधीच बाजूला काढून ठेवावी. परतीचा दिवस सहा दिवसांनी असेल, तर त्याचं आरक्षणही सहा दिवसांनी उघडेल, हे ध्यानात ठेवून त्या दिवशी पुन्हा खिडकीवर जावं. जाण्याचं पक्कं आणि येण्याचं अधांतरी, अशा तिकिटावर म्हातारं माणूस घेऊन निघू नये. वेटिंगच्या तिकिटावर आरक्षित डब्यात बसता येत नाही.

फॉर्म भरताना वय बरोबर लिहा. साठ वर्षांवरचे पुरुष आणि पंचेचाळीस वर्षांवरच्या स्त्रिया यांना शिल्लक असेल तर खालचा बर्थ दिला जातो. ज्येष्ठांची भाड्यातली सवलत मात्र मार्च २०२० पासून बंद आहे. पाच ते बारा वर्षांच्या आतल्या मुलाला वेगळा बर्थ हवा असेल तर पूर्ण भाडं पडतं, नको असेल तर अर्धं. ऐनवेळी घरातलं कोणी थांबलंच, तर पक्कं तिकीट आई-वडील, नवरा-बायको, भाऊ-बहीण किंवा मुलं यांच्यापैकी एकाच्या नावे करून मिळतं. त्यासाठी गाडी सुटण्याच्या चोवीस तास आधी अर्ज द्यावा लागतो.

आणखी एका गोष्टीत भलेभले फसतात. गाडी रात्री अडीचला असेल तर तारीख मध्यरात्रीच बदललेली असते. २५ तारखेचं तिकीट आणि वेळ २.३०, याचा अर्थ २४ तारखेचं जेवण उरकून त्याच रात्री स्टेशनवर जायचं. २५ ला रात्री गेलात, तर गाडी आदल्या रात्रीच गेलेली असते. स्टेशनचं नावही नीट वाचा. नवी दिल्ली, जुनी दिल्ली, हजरत निजामुद्दीन, आनंद विहार ही सगळी निराळी स्टेशनं आहेत. आग्र्यातही कँट वेगळं आणि फोर्ट वेगळं.

आता भुसावळहून निघणाऱ्या कुटुंबाचा बेत मांडून पाहू. भुसावळ ते आग्रा सुमारे नऊशे किलोमीटर, चांगल्या मेल-एक्स्प्रेसलाही पंधरा तासांच्या आसपास लागतात. सोमवार-मंगळवारच्या मधल्या रात्री गाडीत बसावं. इटारसी सोडल्यावर नर्मदा लागते, तेव्हा आजीला खिडकीशी बसवा. मध्य प्रदेश संपताना मुरैना आणि धौलपूरच्या दरम्यान चंबळ लागते. पाण्यानं माती खाऊन जमिनीच्या कशा घळी झाल्या आहेत, ते शेतकऱ्यानं मुद्दाम पाहावं. बांधबंदिस्तीचं महत्त्व सांगायला दुसरा धडा नको. दशम्या, धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी पहिला दिवस सहज काढते. मंगळवारी संध्याकाळी आग्र्याला उतरावं, त्या दिवशी काही पाहू नये. जेवावं आणि झोपावं.

बुधवारी पहाटे ताजमहाल. तो सूर्योदयाच्या अर्धा तास आधी उघडतो आणि शुक्रवारी बंद असतो. दारावर झडती होते. तंबाखूची चंची, अडकित्ता, काडेपेटी, फराळाचे डबे मुक्कामाच्या ठिकाणी ठेवूनच निघा, नाहीतर रांगेतून परत फिरावं लागेल. शहाजहाननं मुमताजसाठी १६३२ च्या सुमारास काम सुरू केलं, संगमरवर राजस्थानातल्या मकराण्याहून आणला. उन्हाबरोबर त्याचा रंग कसा पालटतो, ते तासभर बसून पाहावं. ताजमहाल हे नाव जिनं सांगितलं, तिला त्या तासात "चला, चला" म्हणू नये.

दुपारी विश्रांती. ऊन उतरल्यावर किल्ला. १२ मे १६६६ रोजी शिवाजी महाराज इथल्या दरबारात उभे होते. मुलांना हेही सांगा की महाराज निसटले ते या किल्ल्यातून नव्हे. शहरात रामसिंहाच्या मुक्कामाजवळ त्यांना पहाऱ्यात ठेवलं होतं, तिथून ते ऑगस्ट १६६६ मध्ये निघून गेले. किल्ल्यासमोर त्यांचा अश्वारूढ पुतळा आहे. फत्तेपूर सिक्री तिथून चाळीसेक किलोमीटर आहे. कोणी रिक्षावाला आग्रह करील. आपल्या पाच नावांत ते नाही, म्हणून हात जोडून नको म्हणावं.

गुरुवारी सकाळी मथुरा, गाडीनं तासाभराचा रस्ता. तिकडची मोठी देवळं दुपारी बंद असतात, म्हणून सकाळी मथुरा, दुपारी आराम आणि संध्याकाळी वृंदावन. जन्मस्थानाच्या देवळात मोबाइल नेता येत नाही. घरातलं एक माणूस आळीपाळीनं बाहेर थांबेल असं ठरवा. रात्रीचा मुक्काम तिथंच करावा, आजीला त्याच दिवशी दिल्लीला पळवू नये.

शुक्रवारी सकाळी दिल्ली. दुपारी पुसा. बिहारातल्या पुसा गावी १९०५ मध्ये निघालेली ही शेती संशोधन संस्था १९३४ च्या भूकंपानंतर, १९३६ मध्ये, दिल्लीला आली. गावाचं नाव तिनं सोबत आणलं. त्याच परिसरात राष्ट्रीय कृषी विज्ञान संग्रहालय आहे. उघडण्याची वेळ आधी विचारून जावं. शनिवारी सकाळी लाल किल्ला. तो सोमवारी बंद असतो, म्हणून शनिवार धरला. संध्याकाळी कुणाला उत्साह असेल तर मेट्रोनं कुतुबमिनारला जावं. मेट्रोचा पहिला डबा बायकांसाठी राखीव असतो. रविवार मोकळा ठेवून संध्याकाळची परतीची गाडी धरावी, सोमवारी आपण आपल्या मुलखात.

बघा, या बेतात सकाळी एक आणि संध्याकाळी एक, याहून जास्त ठिकाणं कुठल्याच दिवशी नाहीत. चाल घरातल्या सर्वांत थकलेल्या माणसाची धरली आहे. नांगराला जुंपलेल्या बैलजोडीतही जो मागं पडतो, त्याच्याच चालीनं तास निघतं. शिवाय गाडी तीन तास उशिरा आली, मुलाला ताप आला, तरी रिकाम्या दुपारी आणि रविवार हाताशी असतात.

दोन गोष्टी शेवटी. पैसे तीन ठिकाणी वाटून ठेवा, त्यातले थोडे घरच्या बाईजवळ असू द्या. मुलांच्या खिशात नाव आणि फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा. वाटेत अडचण आली तर रेल्वेचा १३९ नंबर आहे. सामान उचलवेल तेवढंच घ्या, कारण पूल चढायचा तो आपल्यालाच.

मथुरेहून पेढे आणाल, ते गावभर वाटाच. पहिला पुडा मात्र धारा काढणाऱ्याच्या घरी द्या. आणि त्याच्या घरचे कधी निघणार, ते तिथंच विचारा. आता सावड फेडायची पाळी तुमची आहे.