चाळीस दिवसांची रजा आणि इमॅजिकाचा एक दिवस

महाड, माणगाव, म्हसळा, श्रीवर्धन या आमच्या पट्ट्यात सुट्टीचा हिशेब शाळेच्या वेळापत्रकावर होत नाही. तो आखातातून येणाऱ्या माणसाच्या रजेवर होतो. कुवेत, कतार, सौदीहून मुलांचे अब्बा येतात ते महिना-चाळीस दिवसांसाठी. पहिला आठवडा भेटीगाठींत जातो. मग कुणाचे लग्न, कुणाची मय्यत, घराचे छप्पर, बँकेची कामे. मुलांच्या वाट्याला एखादा दिवस उरतो आणि मुलांनी त्या दिवसाला आधीच नाव दिलेले असते. आमच्या घरी गेली दोन वर्षे ते नाव इमॅजिका असे होते.

ही बाग २०१३ साली खालापूर तालुक्यात, खोपोली-पाली रस्त्यावर सुरू झाली. मुंबईकर खोपोली लोकलने शेवटच्या स्टेशनावर उतरून पुढे रिक्षा करू शकतात. पुणेकरांना द्रुतगती मार्ग आहे. आम्हा महाडकरांना वाकण फाट्यावरून आत वळावे लागते, अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास. आम्ही सहा जण होतो: आम्ही दोघे, मुलांची दादी, नऊ वर्षांची मुलगी, पाच वर्षांचा मुलगा आणि दीड वर्षाची धाकटी. धाकटीचा जन्म अब्बा कुवेतला असताना झाला. मोबाईलमधल्या अब्बांना ती हात कपाळाला लावून सलाम करायची, आणि तोच माणूस दारात उभा राहिल्यावर आईच्या ओढणीत तोंड लपवायची. रजेचे बावीस दिवस उलटले तरी ती त्यांच्याकडे जात नव्हती. सहल ठरवताना हे कुणी बोलून दाखवले नाही, पण दोघांच्याही मनात तेच होते.

अशा बागेची तयारी म्हटली की लोक पाळण्यांची यादी काढून बसतात. आमच्या मते पहिला प्रश्न वेगळा आहे: बाकावर कोण बसणार? वॉल्ट डिस्ने यांनी आपल्या बागेची कल्पना कशी सुचली ते सांगितले आहे. लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमध्ये त्यांच्या मुली गोल फिरणाऱ्या घोड्यांवर बसायच्या आणि ते स्वतः बाकावर बसून राहायचे. आईबाप आणि मुले दोघांना मिळून मजा करता येईल अशी जागा असावी, असे त्यांना तिथे वाटले. १७ जुलै १९५५ रोजी अनाहाइमला डिस्नेलँड उघडले. मात्र आपल्याकडे कुटुंब निघाले की पिशव्या, चपला आणि झोपलेले बाळ सांभाळत दिवसभर बाकावर बसायचे काम बहुधा दादीकडे जाते, नाहीतर आईकडे. तिकीट तर तिचेही काढलेले असते! म्हणून आम्ही आदल्या रात्री कागदावर खेळांची नव्हे, माणसांची नावे लिहिली आणि प्रत्येकापुढे निदान दोन गोष्टी लिहिल्या. दादीच्या नावापुढे काही सुचेपर्यंत तिकिटे काढली नाहीत.

दुसरी गोष्ट उंचीची. तिकिटाचा दर आणि पाळण्यात बसण्याची परवानगी, दोन्ही वयावर नव्हे तर उंचीवर ठरतात. यामागे साधे कारण आहे. मांडीवर येणारी दांडी कमरेच्या हाडावर घट्ट बसावी लागते. लहान मूल तिच्याखालून सरकू शकते. शिवाय लहान मुलाचे डोके शरीराच्या मानाने जड आणि मान नाजूक असते, त्यामुळे जोराचा हिसका तिला सोसत नाही. हे दारावरच्या कर्मचाऱ्याने सांगितले की मूल रडते, घरी सांगितले तर ऐकते. आम्ही दाराच्या चौकटीवर खडूने दोघांच्या उंचीच्या रेघा मारल्या. मुलगा १०९ सेंटीमीटर भरला. बागेत फोन करून त्या दिवशीच्या मर्यादा विचारल्या आणि कोणत्या खेळात बसता येईल, कोणत्यात नाही, हे त्याला चार दिवस आधी सांगितले. पायाखाली फरशी नसलेला नायट्रो त्याच्यासाठी नाही, हे कळल्यावर तो एक दिवस रुसला. पण तो दिवस घरचा होता, तिकिटाचा नव्हता.

दिवस निवडताना शुक्रवार आणि शनिवार-रविवार टाळले. मे महिन्यात खोपोलीच्या उकाड्यात रांगेत उभे राहणे लहानग्यांना झेपत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये घाटाखालचा पाऊस आणि विजा, म्हणजे उघड्यावरचे खेळ केव्हा थांबतील याचा नेम नाही. जानेवारी उत्तम, फक्त तेव्हा शाळांच्या सहली येतात. एकेका बसमधून पन्नास मुले उतरतात आणि मोठ्या पाळण्यांकडे धावतात. त्यामुळे छोट्यांचे पाळणे सकाळी रिकामे असतात. पालीला अष्टविनायकांपैकी एक मंदिर असल्याने चतुर्थीला त्या रस्त्यावर गर्दी होते. आमच्या बाजूने येणाऱ्यांनी भिंतीवरचे कॅलेंडर पाहूनच निघावे.

पहाटे फजर पढून निघालो. मुलाला गाडी लागते. दोन वर्षांखालच्या मुलांना हा त्रास सहसा होत नाही, दोन ते बारा या वयात जास्त होतो. म्हणून त्याला पुढे पाहता येईल असे बसवले आणि भरपेट नाश्ता गाडी थांबल्यावर, असे ठरवले. कोलाड मागे पडले, सुकेळी खिंड ओलांडली, वाकणला उजवीकडे वळलो तेव्हा उजेड झाला होता. पालीच्या डोक्यावर सरसगडाचा कातळ उभा दिसला. जांभूळपाड्याला दादी आपणहून बोलू लागल्या. १९८९ च्या जुलैत अंबा नदीच्या पुराने हे गाव एका रात्रीत उद्ध्वस्त झाले होते, ती बातमी त्यांना अजून लख्ख आठवते. नदी शांत वाहत होती. मुलांनी खिडकीतून पाहिले आणि पुन्हा विचारले, "इमॅजिका कधी?"

अशा बागांत बाहेरचे खाणे आत नेऊ देत नाहीत, तान्ह्या बाळाच्या खाण्याला मात्र सहसा हरकत नसते. आम्ही वाहनतळावरच तांदळाच्या भाकऱ्या, अंडी आणि केळी संपवली. आत गोश्त हलाल आहे का, हे विचारण्यात संकोच करू नये, खात्रीचे उत्तर मिळाले नाही तर शाकाहारी ताट घ्यावे. पोरांना एक दिवस डाळ-भाताने काही होत नाही. पाण्याचे मात्र नियोजन हवे. डिस्नेलँडच्या पहिल्याच दिवशी नळ बसवणाऱ्या कारागिरांच्या संपामुळे पिण्याच्या पाण्याची टंचाई झाली होती आणि उन्हात लोकांचे हाल झाले होते. आम्ही मुलांच्या गळ्यात बाटल्या अडकवल्या आणि ओआरएसच्या पुड्या पर्समध्ये ठेवल्या.

आपल्या भगिनींसाठी कपड्यांचे दोन शब्द. पाळण्यात लोंबणारी ओढणी किंवा घेरदार बुरख्याचे टोक चाकात अडकू शकते, ही गोष्ट हसण्यावारी नेऊ नये. डोक्यात घालायचा शिवलेला स्कार्फ आणि कमी घेराचा अबाया सोयीचा. टाचण्या टाळाव्यात. पाण्याची बाग वेगळी आहे आणि तिचे तिकीटही वेगळे. तिथे सुती कपडे चालत नाहीत, नायलॉनचा पोशाख लागतो. अंगभर नायलॉन पोशाख बाजारात मिळतात, पण तो चालेल ना, हे आधी विचारून घ्यावे. एका दिवसात दोन्ही बागा करण्याचा हट्ट लहान मुले असताना धरू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आत शिरण्याआधी तिन्ही मुलांचा त्या दिवशीच्या कपड्यांतला फोटो मोबाईलमध्ये काढला. गर्दीत चुकामूक झालीच तर "कोणता शर्ट होता?" या प्रश्नाला घाबरलेल्या आईला उत्तर आठवत नाही. मनगटावर पेनाने फोन नंबर लिहिला. दोघांच्या हातात दोन-दोनशे रुपये दिले, खेळण्यांच्या दुकानात तेवढ्यातच भागवायचे. मुलीने ते शेवटपर्यंत खर्च केले नाहीत.

मुलांना सर्वांत आवडला तो अलीबाबाचा खेळ. गाडीत बसून अंधाऱ्या गुहेत जायचे आणि बंदुकीने नेम धरायचा. रांगेत मुलीने विचारले, "ही गोष्ट अरबस्तानातली ना?" गंमत अशी की अलिफ लैलाच्या जुन्या अरबी हस्तलिखितांत अलीबाबा नाही. हलब, म्हणजे आजच्या सीरियातल्या अलेप्पो शहरातल्या हन्ना दियाब नावाच्या ख्रिस्ती तरुणाने ती १७०९ मध्ये पॅरिसला आंत्वान गालाँ या फ्रेंच अनुवादकाला सांगितली आणि तिथून ती जगभर गेली. रांगा लांब असतात, त्या वेळेत सांगायला अशा दोन-चार गोष्टी हाताशी असाव्यात. मोबाईलपेक्षा त्या बऱ्या.

सलीमगढ नावाचा भीतीचा खेळ आम्ही टाळला. पाच वर्षांच्या मुलाला रात्री झोपेतून दचकवण्यासाठी पैसे का द्यायचे? शिवाय दिल्लीतला खरा सलीमगढ शेरशाह सूरीच्या मुलाने, इस्लाम शाहने १५४६ मध्ये बांधला. मुलांनी ते नाव आधी भुतांमुळे नको, इतिहासामुळे ऐकावे.

दादींच्या नावापुढे आम्ही ‘आय फॉर इंडिया’ लिहिले होते. भल्यामोठ्या पडद्यासमोर खुर्च्या हलतात आणि हिंदुस्थानावरून उडत गेल्यासारखे वाटते. त्या आयुष्यात विमानात बसलेल्या नाहीत. बाहेर आल्यावर त्यांनी मुलाचा हात धरून विचारले, "तू जातोस तेव्हा खाली असंच दिसतं?" त्यांनी हो म्हटले. कुवेतची विमाने बहुतेक रात्रीची असतात, खाली काळोखच असतो, हे त्यांनी नंतर आम्हाला सांगितले.

जोहरसाठी एका सुरक्षारक्षकाला विचारले. त्याने हिरवळीची सावलीतली कडा दाखवली. आम्ही कोकणी शाफई, आमच्या मसलकात प्रवासात जोहर आणि असर जोडून पढण्याची सवलत आहे. अंतराचा हिशेब आधीच इमामसाहेबांना विचारून घेतला होता. आळीपाळीने नमाज झाली, आळीपाळीने मुले सांभाळली. पाळण्यांचेही तसेच करावे लागते: एकाने मोठ्यांबरोबर जायचे, दुसऱ्याने बाळाजवळ थांबायचे. या वाटणीत आम्ही एक गोष्ट मुद्दाम केली. धाकटीला चालतील असे जे दोन-तीन खेळ होते, ते सगळे अब्बांच्या वाट्याला दिले.

पहिल्या पाळण्याला ती रडली. घोड्यांच्या चक्रावर चढतानाही रडली. चक्र सुरू झाले तसा आवाज थांबला. बाहेर उभे राहून आम्हाला दर फेरीला ती दोघे क्षणभर दिसत होती. पहिल्या फेरीत तिचे दोन्ही हात घोड्याच्या दांडीवर होते. चौथ्या की पाचव्या फेरीत एक हात अब्बांच्या शर्टाच्या कॉलरवर होता. खाली उतरल्यावर ती परत आईकडेच आली, पण बोटाने घोडे दाखवत होती. ते पुन्हा रांगेत उभे राहिले. तिसऱ्यांदा उभे राहिले तेव्हा पाच वर्षांच्या भावाने तक्रार केली, त्याला दादींनी सरबत पाजून गप्प केले.

संध्याकाळची परेड पाहण्यासाठी थांबलो नाही. थकलेल्या मुलांना घेऊन बाहेर पडणाऱ्या गर्दीत अडकण्यापेक्षा अर्धा तास आधी निघालेले चांगले. जानेवारीत मगरीब साडेसहाच्या आत होते. ती वाहनतळावर गाडीच्या आडोशाला पढलो. जांभूळपाड्याच्या आत तिन्ही मुले झोपली. धाकटी मागच्या सीटवर आडवी, तिचे डोके अब्बांच्या मांडीवर. गाडी आम्हीच चालवत होतो. पाय बधिर झाला तरी त्यांनी मांडी हलवली नाही. वाकण फाट्याला दादींनी चहा मागितला, तेव्हा सगळ्यांचे कप उतरून त्या स्वतःच घेऊन आल्या.