आवाज फाटावा, पण नेमका

इलेक्ट्रिक गिटार घरात आली की दोन-तीन महिन्यांत पुढचा हट्ट ठरलेला असतो: डिस्टॉर्शनचं पेडल. उज्जैनला फ्रीगंजात मी अँप्लिफायर आणि वाद्यांचं इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्त करतो, कार्यक्रमांचा साउंडही बघतो. कॉलेजातली मुलं, ऑर्केस्ट्रात वाजवणारे तरुण, कधी मुलाला सोबत घेऊन आलेले आईवडील, सगळ्यांचा प्रश्न एकच असतो, "काका, तीन-चार हजारांत चांगलं पेडल कुठलं?" मी उलट विचारतो, "वाजवणार कशातून?" याचं उत्तर मिळालं की निम्मी निवड तिथेच होते. ब्रँड, रंग, कुणा वादकाचं नाव हे सगळं नंतर. आपला आवाज शेवटी कुठल्या स्पीकरमधून बाहेर पडणार हे आधी ठरवा, असं माझं ठाम म्हणणं आहे.

पेडलच्या पोटात काय चालतं ते आधी पाहू. गिटारच्या पिकअपमधून निघणारा सिग्नल बहुधा एका व्होल्टपेक्षाही कमी असतो. पेडल त्याला कितीतरी पट वाढवतं आणि मग उलटसुलट जोडलेल्या दोन डायोडांपुढे आणतं. सिलिकॉनचा डायोड साधारण ०.६ ते ०.७ व्होल्टला वाट मोकळी करतो, जर्मेनियमचा ०.३ च्या आसपास, लाल एलईडी १.७ च्या पुढेमागे. त्या उंचीवर लाटेचा माथा कापला जातो. गोलसर लाट चपट्या माथ्याची झाली की मूळ स्वराबरोबर मुख्यतः त्याच्या तिप्पट, पाचपट, सातपट कंपनसंख्येचे उपस्वर उमटतात. शिवाय जोरात छेडलेली आणि हळू छेडलेली तार जवळजवळ एकाच पातळीवर येते, म्हणून स्वर लांबतो. तार ओढून मींड घेताना तो अर्ध्यात विझत नाही. गिटारवाल्यांना डिस्टॉर्शनची ओढ असते ती याच दोन गोष्टींसाठी.

आपल्या कानाला हे परकं वाटायचं कारण नाही. तंबोऱ्याची जवारी घोडीवर हेच काम करते. रुंद, किंचित उतरत्या घोडीला तार हलकेच घासते, खाली सरकवलेला दोरा ती जागा नेमकी करतो आणि एका तारेतून उपस्वरांचा मोठा पसारा उठतो. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये आपल्या तंतुवाद्यांवर लिहिताना हे दाखवलं होतं: तार जिथे छेडली त्या जागेच्या हिशेबाने जे उपस्वर उमटायलाच नकोत, तेही या घोडीमुळे ऐकू येतात. जवारी खुली ठेवायची की बंद, हे चांगला कारागीर वाजवणाऱ्याचा आणि गाणाऱ्याचा कल बघून ठरवतो. जवारी जास्त काढली तर तंबोरा किरकिरतो, कमी पडली तर मुका वाटतो. पेडलच्या गेनच्या, म्हणजे सिग्नल किती वाढवायचा त्या, नॉबवर हात ठेवताना हाच विवेक लागतो.

इलेक्ट्रिक गिटारला ही देणगी बिघाडातून मिळाली. १९६१ च्या सुमारास नॅशव्हिलला मार्टी रॉबिन्सच्या 'डोन्ट वरी' या गाण्याचं मुद्रण चालू असताना मिक्सरच्या एका चॅनलमध्ये दोष आला आणि बेसचा आवाज फाटला. तो तसाच ठेवला गेला. ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी यांनी मग तो आवाज मुद्दाम काढणारं सर्किट बांधलं आणि १९६२ मध्ये गिब्सन कंपनीने ते 'माएस्ट्रो फझ-टोन' या नावाने विकायला काढलं. १९६५ मध्ये रोलिंग स्टोन्सच्या 'सॅटिस्फॅक्शन'ने तो आवाज जगभर नेला. आपल्याकडे १९८४ मध्ये मुंबईत रॉक मशीन हा बँड उभा राहिला, तोच पुढे इंडस क्रीड झाला. महेश तिनईकर त्यात लीड गिटार वाजवत. त्या काळी जबर आयातशुल्कामुळे परदेशी पेडल बहुतेकांच्या आवाक्याबाहेर असे. परदेशाहून कुणी येणारं असलं तर त्याच्याकडून मागवायचं. आज अडीच-तीन हजारांपासून नवं कोरं पेडल घरपोच मिळतं. अडचण उरली आहे ती निवडीची.

बाजारात शेकडो नावं दिसली तरी स्वस्त पेडलांची मुख्य घराणी मोजकीच आहेत. पहिलं आयबनेझ ट्यूब स्क्रीमरचं, १९७९ च्या सुमाराचं. यात डायोड आयसीच्या फीडबॅकच्या वाटेवर बसतात, त्यामुळे माथा हळुवार कापला जातो. खर्ज कमी होतो आणि ७०० हर्ट्‌झच्या आसपासचा मधला पट्टा पुढे येतो. दुसरं घराणं बॉस डीएस-१ आणि प्रोको रॅटचं, दोन्ही १९७८ ची. इथे डायोड सिग्नलला थेट जमिनीकडे ओढतात, माथा सपाट कापला जातो आणि आवाजाला धार येते. डीएस-१ चा टोन मधला पट्टा खणून काढतो, रॅट तो राखतो. दोघांतला मोठा फरक हाच. बिग मफचं घराणं १९६९ चं. त्यात एकामागे एक दोनदा माथा कापला जातो, म्हणून आवाज जाड आणि लांबणारा. आणि १९९१ चं बॉस एमटी-२, म्हणजे मेटल झोन: भरपूर गेन, आणि मधला पट्टा हवा तिथे वरखाली करणारा जबरदस्त इक्वलायझर. जोयो, बेहरिंगर, मूअर या कंपन्यांची बरीचशी स्वस्त पेडलं याच सर्किटांवर बेतलेली आहेत. जोयोचं व्हिंटेज ओव्हरड्राइव्ह आणि बेहरिंगरचं टीओ-८०० ट्यूब स्क्रीमरच्या वाटेने जातात, मूअरचं ब्लॅक सीक्रेट रॅटच्या, बेहरिंगरचं यूएम-३०० मेटल झोनच्या.

मग किंमत कसली? एखादं पेडल उघडून बघा. आयसी, डायोड, रेझिस्टर, कपॅसिटर हे सगळं मिळून फार थोड्या रुपयांचा माल असतो. खर्च होतो तो पत्र्याच्या किंवा ओतीव पेटीवर, पायाने दाबायच्या स्विचवर, जॅकवर आणि पॉटवर, म्हणजे नॉबखालच्या फिरत्या रेझिस्टरवर. म्हणून स्वस्त पेडल आवाजात सहसा मार खात नाही, मार खातं ते टिकण्यात. बेहरिंगरची पेटी प्लॅस्टिकची आहे. घरी सरावाला उत्तम, पण रोज मंचावर पाय पडणार असेल तर पत्र्याचंच घ्या.

आता स्पीकरकडे येतो. गणेशोत्सवाचा मांडव, नवरात्रातलं जागरण, कॉलेजचं स्नेहसंमेलन, लग्नातला ऑर्केस्ट्रा: आमच्या गावात गिटार वाजते ती अशा ठिकाणी. तिथे गिटारवाल्याला वेगळा अँप क्वचितच मिळतो. गिटारची लीड, म्हणजे केबल, सरळ मिक्सरमध्ये जाते आणि आवाज निघतो पीएच्या, म्हणजे मंचावरच्या लाउडस्पीकरच्या, हॉर्नमधून. गिटारच्या अँपमधला स्पीकर ५ हजार हर्ट्‌झच्या वरचं फारसं काही वाजवतच नाही. कापलेल्या माथ्याच्या तीक्ष्ण कडा तो स्वतःच घासून गुळगुळीत करतो. डीएस-१ असो की मेटल झोन, ती बनवणाऱ्यांनी पुढे असा स्पीकर असेल हे गृहीत धरलेलं आहे. हॉर्नला ही सवलत माहीत नाही. तो १५ हजारांपर्यंतचं सगळं बाहेर फेकतो आणि मंचासमोर बसलेल्यांना पातळ, कानात टोचणारी किरकिर ऐकू येते. गिटारवाला पेडलला दोष देतो, बदलून दुसरं आणतो आणि पुन्हा तेच होतं.

अशा वादकाला मी अँपच्या आवाजाची नक्कल करणारं पेडल सुचवतो. टेक २१ कंपनीने १९८९ मध्ये सॅन्सअँप काढून ही वाट पाडली: पेडलमध्येच अँप आणि स्पीकर दोघांचाही स्वभाव, म्हणजे आउटपुट थेट मिक्सरला देता येतं. जोयोची अमेरिकन साउंड आणि ब्रिटिश साउंड ही पेडलं याच घडणीची आहेत आणि कमी बजेटमध्ये बसतात. साध्या भजनाच्या साथीपासून रॉकच्या लीडपर्यंत सगळं एकातून निघतं. थोडे जास्त पैसे असतील आणि मुलाला डिले, रिव्हर्बही हवे असतील तर झूमसारखं लहान मल्टिइफेक्ट घ्या. त्यातही स्पीकरची नक्कल असते. घरी १०-१५ वॅटचा लहान अँप असेल तर ट्यूब स्क्रीमर किंवा रॅटच्या घराण्यातलं घ्या. सहा-आठ इंची स्पीकरला जादा खर्ज पेलत नाही, तो भुसभुशीत होतो. मधला पट्टा भरलेला असला की तोच अँप मोठा वाटतो.

मधल्या पट्ट्याबद्दल आग्रहाने सांगतो, कारण सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. घरी एकटं वाजवताना बास आणि ट्रेबल पूर्ण, मिडल शून्य, असा आवाज भव्य वाटतो. बँडमध्ये बसलं की खाली ढोल आणि बेस गिटार, वर झांजा. मध्ये गिटारची जी हक्काची जागा, तिथलाच आवाज आपण खोदून काढलेला असतो. मग ऐकू येत नाही म्हणून व्हॉल्यूम वाढवायचा आणि साउंडवाल्याने तो उतरवायचा.

गेनचंही तसंच. एक प्रयोग करून बघा. गेन भरपूर ठेवा, पाचवी तार मोकळी, ११० हर्ट्‌झ, हा सा धरा. त्याबरोबर पंचम, १६५. कापलेल्या लाटेत या दोघांच्या वजाबाकीचा स्वरही उमटतो: ५५ हर्ट्‌झ, म्हणजे नेमका खालच्या सप्तकातला सा. न वाजवलेला खर्ज आपोआप पायाशी येतो. रॉकमध्ये सा-पची जोडी, म्हणजे पॉवर कॉर्ड, इतकी वाजते त्याचं कारण हेच. आता पंचमाऐवजी गंधार घ्या. गिटारच्या पडद्यावरचा शुद्ध गंधार आहे साधारण १३८.६, वजाबाकी २८.६. सुरेल सा असता २७.५. हा चुकार स्वर आणि त्याचे भाईबंद मिळून आवाज गढूळ करतात. सातवा, नववा असे स्वर असलेले कॉर्ड जास्त गेनवर चिखल होतात ते यामुळेच. गाण्यात असे कॉर्ड असतील तर कमी गेनचं, ओव्हरड्राइव्हच्या जातीचं पेडल घ्या.

घूंघूं आवाजाची तक्रार घेऊन येणाऱ्यांपैकी बहुतेकांचं पेडल ठीकच असतं. ते गिटारइतकाच गोंगाटही वाढवतं, एवढंच. सिंगल कॉइल पिकअप घरातल्या वायरिंगची ५० हर्ट्‌झची गुणगुण पकडतं. दोन कॉइलचं हंबकर पिकअप ती बरीच मारतं. स्वस्त अडॅप्टर नीट गाळणी न केलेला वीजप्रवाह देतो आणि १०० हर्ट्‌झची गुणगुण येते. ९ व्होल्टचा, मध्यभाग निगेटिव्ह असलेला, इफेक्ट पेडलसाठीच बनवलेला अडॅप्टर घ्या. हजारभर रुपये तिथे घालणं सार्थकी लागतं. बॅटरीवर चालवत असाल तर वाजवून झाल्यावर इनपुटची लीड उपटून ठेवा. त्या जॅकमधला जादा संपर्क हाच बॅटरीचा स्विच असतो. लीड आत राहिली की पेडल बंद दिसलं तरी बॅटरी रात्रभर उतरत राहते.

उज्जैनमध्ये निवड मर्यादित, म्हणून मुलं इंदूरला जातात किंवा ऑनलाइन मागवतात. दुकानात जाणार असाल तर गिटार स्वतःची न्या. सगळे नॉब मध्यावर ठेवून सुरुवात करा. पूर्ण कॉर्ड एकेक तार सुटी छेडत वाजवा आणि प्रत्येक तार वेगळी ऐकू येते का बघा. मग गिटारचा व्हॉल्यूम निम्म्यावर आणा. आवाज निवळला तर पेडल हाताचं ऐकतं असं समजा. वापरलेलं घेताना नॉब फिरवून खरखर ऐका, जॅकमधली लीड हलवून बघा, बॅटरीच्या कप्प्यात हिरवट गंज आहे का तपासा. पॉटची खरखर कॉन्टॅक्ट क्लीनरने जाते, स्विच बदलता येतो, पण गंज छापील सर्किटवर चढला असेल तर सोडून द्या.

हाताने काम करण्याची हौस असेल तर एमएक्सआर डिस्टॉर्शन प्लसच्या धर्तीचं पेडल घरी बांधा: ७४१ ही आयसी, दोन डायोड, दोन पॉट आणि मूठभर सुटे भाग. पुण्याच्या बुधवार पेठेत, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर हे सगळं मिळतं. मुंबईत अॅनिमल फॅक्टरी अँप्लिफिकेशन आज हाताने बांधलेली पेडलं बनवतं. आपल्या देशात हे होत नाही, ही तक्रार आता जुनी झाली.

तीन-चार हजारांत मंचावर उभं राहण्यासारखा आवाज मिळतो का, तर मिळतो. पेडल, नीट अडॅप्टर आणि एक मजबूत लीड, एवढ्यावर पाच-साडेपाच हजारांत काम भागतं. उरलेले पैसे दुसऱ्या पेडलसाठी साठवू नका. गिटारचा सेटअप करून घ्या, नव्या तारा चढवा. बेसूर गिटारचा आवाज फाडला की तिचा बेसूरपणाच मोठा होतो. सुरात लावलेली गिटार स्वस्त पेडलमधूनही सुरातच गर्जते.