बकरीची लस गायीला

2022 च्या पावसाळ्यात लम्पी आला तेव्हा धडगावात मला सर्वांत जास्त वेळा एकच प्रश्न विचारला गेला. ‘मॅडम, गायीला बकरीची लस का टोचतात?’ विचारणाऱ्यांत पावरा पालक होते, बाजारातले बकऱ्यांचे व्यापारी होते आणि घरात माझ्या सासूबाईही होत्या. मी डॉक्टर नाही, उर्दू-मराठी शिकवणारी बी.एड. झालेली बाई आहे. पण आमच्या भागात ज्याला छापील कागद वाचता येतो त्याच्याकडे सगळेच कागद येतात. रेशनचा, बँकेचा, वनहक्काचा आणि आता लम्पीचा.

प्रश्न साधा नव्हता. बकरीची लस चालते म्हणजे रोग बकरीनेच आणला असणार, असं त्याच्या पोटात होतं. बकऱ्यांच्या खरेदी-विक्रीत आमची माणसं आहेत, त्यामुळे तो प्रश्न ऐकताना मला जरा सावध व्हायला व्हायचं. कुठली अफवा कोणाच्या दारात जाऊन बसेल, सांगता येत नाही. चित्त्यांचंच बघा ना. लम्पी चित्त्यांबरोबर आला, असं एका पुढाऱ्यानं खुशाल सांगून टाकलं होतं. चित्ते कुनोच्या जंगलात उतरले 17 सप्टेंबर 2022 ला. आपल्या राज्यात त्या साथीतलं पहिलं जनावर जळगाव जिल्ह्यात, रावेर तालुक्यातल्या चिनावलला 4 ऑगस्टला सापडलं होतं. आणि देशात हा रोग 2019 मध्येच ओडिशात दिसला होता. बिचारे चित्ते!

तर बकरीचं काय? विषाणूंचं एक कूळ आहे, कॅप्रिपॉक्स. लॅटिनमध्ये ‘काप्रा’ म्हणजे बकरी. या कुळात तीनच भावंडं. एक मेंढ्यांना देवी आणतं, दुसरं बकऱ्यांना, तिसरं गायी-बैलांना लम्पी. तिघांची ठेवण इतकी सारखी, की एकाविरुद्ध तयार झालेली शरीराची ताकद दुसऱ्यालाही अडवते. लम्पीची स्वतंत्र लस तेव्हा बाजारात नव्हती. हिसारच्या शास्त्रज्ञांनी ती तयार केली आणि ऑगस्ट 2022 मध्ये जाहीर झाली, पण गोठ्यापर्यंत पोचायला वेळ होता. म्हणून बकऱ्यांच्या देवीची, उत्तरकाशी जातीच्या विषाणूपासून केलेली लस गायींना दिली गेली. म्हणजे बकरीनं रोग दिला नाही, उलट तिची लस गायीच्या कामाला आली. लम्पी पसरतो तो मुख्यतः चावणाऱ्या माश्या, डास आणि गोचीड यांच्यामुळे. गोठ्यातल्या बकरीला तो सहसा होतही नाही.

हे समजावताना मला एका जुन्या गोष्टीचा उपयोग झाला. माणसाची देवी गेली तीही जनावराच्या कृपेनं. 1796 मध्ये जेन्नरनं गायीच्या देवीचा पू एका मुलाला टोचला, आणि लसीचं इंग्रजी नावच लॅटिनमधल्या गायीवरून पडलं. हिंदुस्थानातली पहिली लस 1802 मध्ये आपल्या मुंबईत टोचली गेली, अ‍ॅना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला. त्याच्या कितीतरी आधी अबू बक्र अर-राझी या हकीमानं देवी आणि गोवर हे दोन वेगळे आजार आहेत, हे पुस्तक लिहून सांगितलं होतं. अरबीत देवीला जुदरी, उर्दूत चेचक. सासूबाईंना चेचक हा शब्द सांगितला आणि त्यांच्या दंडावरचा जुना वण दाखवला, मग त्यांचा प्रश्न मिटला. गायीनं आपल्याला दिलं ते बकरीनं गायीला दिलं, असं त्या नंतर शेजारणींना सांगत होत्या. माझ्यापेक्षा बरं सांगितलं.

पाड्यांवर मात्र गोष्ट सांगून भागत नव्हतं. सातवीतला एक मुलगा आठवडाभर आला नाही, म्हणून निरोप पाठवला. त्यांच्या बैलाला ताप, अंगभर गाठी, पायाला सूज. घरचे लिंबाचा पाला आणि हळद लावत होते. त्यानं जखमेवर माशी बसत नाही, तेवढा फायदा. बैल मेला. मेलेल्या बैलाला 25,000 रुपये, दुभत्या गायीला 30,000, वासराला 16,000 अशी सरकारी मदत होती. पण पंचनाम्याला माणूस डोंगर चढून यायला हवा, आणि तोवर पावसात मेलेलं जनावर अंगणात ठेवायचं कसं? त्यांनी पुरून टाकलं. जोडीतला दुसरा बैल एकट्यानं नांगर ओढत नाही, हे कागदावर कुठेच लिहिलेलं नसतं.

मला जास्त टोचतं ते वेगळंच. बकऱ्यांची स्वतःची देवी आहे, आणि ती लम्पीसारखी माशीची वाट बघत नाही. जवळ राहून, श्वासातून, खपल्यांतून पसरते. ओठांवर, कासेवर, शेपटीखाली पुळ्या येतात, नाक वाहतं, आणि करडं पटापट जातात. ठेलाऱ्यांच्या कळपांना हे चांगलं माहीत असतं. आजारी उंट निरोगी उंटांत नेऊ नयेत, अशा अर्थाची हदीस आहे. ईदच्या बाजारात ती किती जणांना आठवते? कुर्बानीचं जनावर उघड आजारी नसावं हे सगळ्यांना पाठ असतं, पण वाईट बकरी परत नेऊन घरच्या बकऱ्यांत बांधतात. निदान दोन-तीन आठवडे वेगळी बांधा.

लम्पीत बकरीच्या नावाची लस गायींना मिळाली, ते योग्यच झालं. पण आमच्या गल्लीतल्या बकऱ्यांना ती टोचायला कोणी आलेलं मी पाहिलं नाही, आणि करडू मेलं तर त्या मदतीत त्याचं नाव नव्हतं. बकरी म्हणजे बाईच्या हातातला पैसा. दवाखाना, वह्या, लग्नातलं लुगडं त्यातून निघतं. पावरा बाईचंही तेच, आमच्या अम्मीचंही तेच.

या लसीची बाटली एकदा कालवली की काही तासांत संपवावी लागते, दोन-चार बकऱ्यांसाठी कोणी फोडत नाही. म्हणून आम्ही घरोघर मोजायला सुरुवात केली आहे. आमच्या गल्लीत 41 निघाल्या. पलीकडच्या पाड्यावरची मोजणी तो सातवीतला मुलगा करतोय, पावरीत विचारून, मराठीत लिहून.