तांबडा दिवा

दिवाळीत दिव्यांचे कौतुक कोणाला नसते? पणती, समई, आकाशकंदील, नुसती नावे घेतली तरी मन उजळते. पण माझ्या आयुष्यात एक दिवा असा आला, की ज्याची मला काही वर्षे विलक्षण भीती वाटे. तो दिवा देवघरात नसतो, की तुळशीवृंदावनापाशी नसतो. तो असतो आकाशवाणीच्या स्टुडिओत. तांबडाभडक. तो लागला की समजावे, आता आपला श्वाससुद्धा आपला राहिला नाही. तो गावोगाव गेला!

१९७८ साली मी आमच्या शहरातल्या आकाशवाणी केंद्रावर नैमित्तिक निवेदिका म्हणून लागले. 'लागले' हा शब्द जरा मोठाच झाला. महिन्यातून पाच-सहा दिवस बोलावणे येई, एवढेच. कॉलेजात असताना वक्तृत्वाच्या स्पर्धांत मी ढाली मिळवल्या होत्या. भरल्या सभागृहापुढे घडाघडा बोलणारी मुलगी रिकाम्या खोलीत कशाला घाबरेल, असे घरच्यांना वाटले. खरे सांगायचे तर मलाही तसेच वाटले.

पण ती खोली एकदा पाहायला हवी. जाडजूड दार, आणि आवाज गिळून टाकणाऱ्या भिंती. तिथे आपण बोललो की शब्द पुन्हा आपल्याकडे येतच नाही. सभेत समोर माणसे असतात. कोणी मान डोलावते, कोणी हसते, कोणी जांभई देते. जांभईचाही आधार असतो हो! निदान समोर कोणीतरी आहे एवढे तरी ती सांगते. इथे समोर फक्त मायक्रोफोन, भिंतीवर सेकंदाचा काटा फिरवणारे घड्याळ, आणि काचेपलीकडे हाताने खूण करणारे एक गृहस्थ.

पहिल्या दिवशी सकाळची पाळी होती. आकाशवाणीची ती सर्वांच्या ओळखीची संकेतधून वाजली, 'वंदे मातरम्' झाले, मंगलध्वनीची सनई झाली. लहानपणापासून अंथरुणात पडल्या पडल्या ऐकलेले सगळे. पण त्या दिवशी त्या सनईनंतर बोलायचे होते मी! तांबडा दिवा लागला, आणि माझी जीभ टाळूला चिकटली. कानात धडधड ऐकू येऊ लागली. ती मायक्रोफोनलाही ऐकू जात असेल अशी माझी खात्रीच झाली. संकट आले की शरीर पळायच्या तयारीला लागते, म्हणून छाती उडते, तोंड कोरडे पडते, हे शास्त्र मला ठाऊक होते. पण खुर्चीवर बसून 'हे आकाशवाणीचे केंद्र आहे' असे म्हणणाऱ्या माणसाने पळायचे तरी कुठे?

कसेबसे निभावले. पण मधल्या एका निवेदनात घोटाळा झालाच. घड्याळात सात वाजून पंचवीस मिनिटे झाली होती, आणि मी ठणकावून सांगितले, "सात वाजून पस्तीस मिनिटे." काचेपलीकडच्या गृहस्थांनी कपाळाला हात लावला. चूक सुधारावी हेसुद्धा मला सुचले नाही. मी पुढची तबकडी लावून मोकळी झाले.

दुपारी घरी आले. आमच्या वाड्यात समोरच्या खोलीत एक काकू एकट्या राहत. काचबिंदूने त्यांची दृष्टी पार गेलेली. पण सोवळेओवळे, स्वयंपाक, पाणी, सारे स्वतःच्या हाताने. कोणी मदतीला गेले की म्हणत, "डोळे गेलेत, हात नाही गेले." फळीवरचा रेडिओ हेच त्यांचे घड्याळ. चौकातल्या नळाचे पाणी साडेसातला जाई. रेडिओवर वेळ ऐकायची, घागर उचलायची आणि भिंतीच्या आधाराने नळाशी जायचे, असा त्यांचा नेम.

मी दारातून डोकावले, तर घागर पालथी.

"काकू, पाणी नाही भरलंत?"

"नाही गं. आज उशीर झाला मला. रेडिओवर ऐकलं, तर सातपस्तीस! म्हटलं, गेलं पाणी."

माझ्या पोटात धस्स झाले. आतापर्यंत मला लाज वाटत होती ती माझ्या फजितीची. लोक काय म्हणतील, पुन्हा बोलावणे येईल का, याची. पण माझ्या एका आकड्याने एक आंधळी म्हातारी दिवसभर पाण्यावाचून राहिली होती, हे माझ्या गावीही नव्हते.

"काकू, चूक तुमची नाही. ती वेळ मी चुकीची सांगितली."

त्या क्षणभर थांबल्या. मग म्हणाल्या, "तूच होतीस होय? मला वाटलंच, कोणी पोर भ्यायलीय. अगं, एवढ्या मोठ्यांदा कोणाला सांगत होतीस? मी तर इथे फळीखालीच बसले होते."

मी आडाचे दोन हंडे आणून त्यांच्या पिंपात ओतले. जायला निघाले, तेव्हा त्या म्हणाल्या, "सगळ्या जगाला सांगायला जाऊ नकोस. मला एकटीला सांग. ज्याला ऐकायचं तो ऐकेल."

पुढच्या पाळीपासून मी तसे केले. इतर युक्त्याही जुन्या सहकाऱ्यांनी शिकवल्या, त्या खोट्या नव्हत. मजकूर आधी मोठ्याने वाचायचा. श्वास कुठे घ्यायचा तिथे पेन्सिलीची रेघ ओढायची. कागद टाचायचे नाहीत, सुटे ठेवून अलगद बाजूला सरकवायचे, म्हणजे सळसळ होत नाही. कोमट पाण्याचा घोट घ्यायचा. पहिले वाक्य पाठच करून टाकायचे, कारण भीती पहिल्या वाक्यावर दबा धरून बसलेली असते. हे सारे उपयोगी पडले. पण दिवा लागला की मी आधी फळीखाली बसलेल्या काकू डोळ्यांपुढे आणी, आणि मगच तोंड उघडी. माझा आवाज आपोआप खाली आला. वेळ सांगण्याआधी मी घड्याळाकडे दोनदा पाहू लागले. भीती संपली असे नव्हे. पण माझ्यापेक्षा त्या घागरीची काळजी मोठी झाली.

पुढे वाचनात दोन गोष्टी आल्या, आणि काकूंच्या बोलण्याचे मोल अधिकच पटले. इंग्लंडचे राजे सहावे जॉर्ज बोलताना अडखळत. १९३९च्या ३ सप्टेंबरला युद्ध सुरू झाल्याचे त्यांना रेडिओवरून प्रजेला सांगायचे होते. त्या वेळी त्या खोलीत त्यांच्यासोबत होते ते त्यांच्या वाणीवर वर्षानुवर्षे मेहनत घेणारे लायोनेल लोग. सारे साम्राज्य ऐकत होते. पण जवळ एक ओळखीचा माणूस होता.

दुसरी गोष्ट आपल्याकडची. १८९१ साली बॅरिस्टर होऊन परतलेले गांधीजी मुंबईच्या स्मॉल कॉजेस कोर्टात पहिल्याच खटल्यात उलटतपासणीला उभे राहिले, आणि डोके गरगरून खाली बसले. तीस रुपये फी त्यांनी परत केली. आत्मकथेत त्यांनी हे मोकळेपणाने सांगितले आहे. तेच गांधीजी १२ नोव्हेंबर १९४७ला दिल्लीच्या आकाशवाणी भवनात गेले. तो दिवाळीचाच दिवस होता. कुरुक्षेत्राच्या छावणीतल्या निर्वासितांना भेटायला त्यांना जाता येईना, म्हणून त्यांनी आवाज पाठवला. घरदार गमावलेली ती माणसे त्यांना दिसत नव्हती. पण बोलले ते त्यांच्याशीच.

१९८३च्या भाद्रपदात काकू गेल्या. त्यानंतर नरकचतुर्दशीच्या पहाटे माझी पाळी होती. नरकासुरवधाचे कीर्तन लावायचे, त्याआधी दोन वाक्ये. पाच वर्षांचा सराव. पण तांबडा दिवा लागला, आणि फळीखालची जागा मला रिकामी दिसली. घसा पुन्हा पहिल्या दिवसासारखा आवळला. आता बोलू कोणाशी?

दोन सेकंद गेले असतील. काचेपलीकडून हात हलला. आणि मनात आले, अभ्यंगाला उठवायला घरात कोणी नाही, असे आज किती जण रेडिओपाशी बसले असतील! त्यांतल्या कोणाचे नाव मला ठाऊक नव्हते. पण काकूंना तरी रेडिओतल्या पोरीचे नाव कुठे ठाऊक होते? मी त्या एका अनोळखी माणसाला म्हटले, "शुभ दीपावली. उठलात ना?" हे 'उठलात ना' लिहिलेल्या मजकुरात नव्हते. त्याबद्दल नंतर थोडी बोलणी खाल्ली. ती गोड लागली.

परवा माझी भाची मोबाइलपुढे बसून कसलेसे ध्वनिमुद्रण करीत होती. चारदा थांबली, चारदा पुसले. शेवटी रडकुंडीला येऊन म्हणाली, "मावशी, हा लाल ठिपका लागला की मला काही सुचतच नाही. तुझी भीती कशी गेली?"

दिवा इतका लहान झाला, पण त्याचा धाक तोच! मी म्हटले, "गेली नाही गं. तू आधी मला सांग, हे ऐकणार कोण आहे?"

ती विचार करू लागली. मी उठून चौकातल्या पणत्यांत तेल घालायला गेले. एक पणती अजूनही मी समोरच्या उंबऱ्यावर ठेवते. मागे वळून पाहिले, तर भाची हळू आवाजात, कोणा एकाला समजावून सांगावे तसे, बोलत होती.