बंद करा जी

संभाजीनगरजवळच्या वाळूजमधल्या माणसाला गाडी आधी कानांनी कळते, मग डोळ्यांनी. १९८५ साली इथे बजाजचा कारखाना सुरू झाला. त्याच्या मागोमाग सुटे भाग बनवणारी लहानमोठी वर्कशॉप आली आणि रांजणगाव, जोगेश्वरीच्या शिवारात पिकांच्या जागी पत्र्याच्या शेड उभ्या राहिल्या. तशाच एका शेडमध्ये मी गिअरचे दात कापतो. हॉबिंग मशीनचा कटर बोथट व्हायला लागला की फरक मापात दिसण्याआधी आवाजात येतो. जुना ऑपरेटर चहाचा पेला हातात धरून पाठमोरा उभा असतो आणि तिथूनच म्हणतो, "बघ रे, कटर गेला." ही विद्या आयटीआयच्या वर्गात मिळत नाही. ताडोबाच्या जंगलात एका गाइडताईंकडे मला तीच विद्या दिसली. वाहनं घडवण्यात आयुष्य गेलेल्या माझ्यासारख्याला चाकाचं खरं मोलही तिथेच कळलं.

ताडोबाला जायला माळीवाड्याजवळ आम्ही समृद्धी महामार्गावर चढलो. तिथे ताशी १२० ची मुभा आहे. वाशीम गेलं, वर्धा गेलं, काचेपलीकडचं काही ओळखायची सवडच मिळाली नाही. ताडोबाच्या मोहर्ली गेटवर मात्र आमची गाडी बाहेर राहिली, मोबाइल ठेवून द्यावे लागले आणि आम्ही उघड्या जिप्सीत बसलो. आत वेग ताशी वीसच्या पुढे न्यायचा नाही, ठरल्या वाटेवरून उतरायचं नाही, जमिनीला पाय लावायचा नाही.

मारुतीची ही जिप्सीसुद्धा १९८५ चीच. कंपनीने २०१९ मध्ये ती बनवायची थांबवली, पण जंगलातल्या लोकांचा जीव अजून तिच्यावर आहे, आणि तो का, हे खाली वाकून पाहिलं की समजतं. जेमतेम टनभर वजन, चारही चाकांवर साधे कमानपाटे, गिअरच्या दांड्याशेजारी फोर व्हीलची वेगळी दांडी. तुटलं तर चंद्रपूरच्या गॅरेजमध्ये दुरुस्त होईल असंच सगळं. नाल्याच्या उतारावर ड्रायव्हरदादांनी ती दांडी ओढली, पहिल्या गिअरवर गाडी सोडून दिली आणि ब्रेकला पायही लावला नाही. दगडावर एक चाक चढलं, दुसरं वाळूत रुतल्यासारखं झालं, पुन्हा सुटलं. दातात दात नीट बसलेल्या गिअरचा तो आवाज ऐकून मला मनापासून आनंद झाला. हे दात कुठल्या तरी शेडमध्ये कोणीतरी नीट कापले होते.

माझा भाचा परदेशात असतो. मागे तो कॅरिबियन समुद्रात बोटीच्या सहलीला गेला होता. बोट एखाद्या बेटाला लागते तेवढ्या काही तासांत प्रवाशांच्या हाती जीप देतात. पुढे वाटाड्याची गाडी, मागे यांचा ताफा, चिखल उडवत रानातून फेरी आणि संध्याकाळी पुन्हा बोटीवर. त्यात मजा असणारच, पोरं किती खुश होती ते व्हिडिओत दिसत होतं. तरी ताडोबात स्टिअरिंग पाहुण्याच्या हाती देत नाहीत याचं मला समाधान वाटतं. ज्याचं रान, त्याच्याच हाती चाक असावं.

ताई मोहर्लीकडच्याच. इथले गाइड आणि ड्रायव्हर आसपासच्या गावांतलेच असतात, आणि गाइडचं काम आता बायकाही करतात. मे महिना होता. ऐनाच्या झाडांवर पान नव्हतं, मगरीच्या पाठीसारखी त्यांची साल तेवढी उठून दिसत होती. हे झाड उन्हाळ्यासाठी खोडात पाणी साठवून ठेवतं, असं ताईंनी सांगितलं. तळ्याकडे जाणाऱ्या डांबरी रस्त्याच्या कडेचे गोंड राजांच्या काळातले दगडी खांब त्यांनी दाखवले. तारू नावाच्या गोंड प्रमुखाचीही गोष्ट सांगितली. वाघाशी झुंजताना तो गेला, तळ्याकाठी त्याचं ठाणं आहे, पौषात तिथे यात्रा भरते, आणि ताडोबा हे नाव त्याच्यावरूनच पडलं. पुढे जामणीचं कुरण लागलं. तिथे गाव होतं, माणसं बाहेर वसवली, शेतांत गवत माजलं आणि आता तिथे चितळांचे कळप चरतात. ताई तिथे फारसं बोलल्या नाहीत. दुसऱ्यांच्या सोडलेल्या घरांवरून आपण फिरतोय, हे मलाही तिथे जाणवलं. वाळूजच्या ज्या शेतांवर आमच्या शेड उभ्या आहेत, त्यांचे धनीही कुठे कुठे गेले असतील.

एका वळणावर ताईंनी नुसता पंजा वर केला. "दादा, बंद करा जी."

इंजिन थांबलं आणि एवढा वेळ त्याच्याखाली दबलेलं सगळं वर आलं. तेंदूच्या पानांची सळसळ, कुठेतरी सुताराची ठकठक, आणि लांबून चितळाची उंच, तुटक हाक. आमच्यातला एकजण कॅमेरा सावरत उभा राहिला. ताईंनी त्याला खुणेनेच बसवलं. "चितळ घाबरट राहते जी, कशालाबी ओरडते. थोडं थांबा." मग माकडांचा खाकरा आला. त्यावरही त्या हलल्या नाहीत. त्या हाकांमधलं अंतर मोजत होत्या, हाक एका जागी आहे की सरकते आहे ते पाहत होत्या. आणि मग उजवीकडच्या बांबूतून सांबर बोललं, जड, घुमणारं, एकच. "सांबर उगाच बोलत नाही. आता पाण्याकडे चालली वाघीण. दादा, पुढच्या नाल्यावर घ्या, पण वाट मोकळी ठेवा."

तिच्या चालण्याचा नकाशा त्यांनी नुसत्या कानाने काढला होता. आमचा जुना ऑपरेटर तिथे हवा होता, त्याला हे लगेच उमगलं असतं.

नाल्यावर पोचून पाच मिनिटं झाली नसतील, वाघीण वाटेवर आली. बांबूतून बाहेर पडली आणि आमच्याकडेच चालू लागली, सावकाश, खांदे आळीपाळीने वर-खाली होत. डाव्या कानाच्या टोकाला चीर होती. पोटाखालची कातडी चालताना हलत होती. ड्रायव्हरदादांनी गाडी रिव्हर्सला घातली. रिव्हर्स गिअरचे दात सरळ कापलेले असतात, म्हणून तो कण्हतो. पुढच्या गिअरचे दात तिरपे असतात, ते गुपचूप फिरतात. तो कण्हणारा आवाज त्यांनी कमीत कमी ठेवला. ॲक्सिलरेटरला नुसता स्पर्श करून, अर्ध्या क्लचवर, वळण आणि उतार दोन्ही पाठीमागे असताना ती जिप्सी ते मागे मागे नेत राहिले. वाघीण जेवढी पुढे येई तेवढेच आम्ही मागे. अंतर ना घटलं ना वाढलं. एका रुंद जागी त्यांनी गाडी कडेला लावून इंजिन बंद केलं. वाघीण बाजूने निघून गेली. आमच्याकडे तिने एकदाच पाहिलं, तेही वाटेतला दगड पाहावा तितकंच.

गाडी पुढे जाण्यासाठी बनवतात, असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो. मागे सरून वाट देणंही गाडीचंच काम आहे, आणि ते जास्त कसबाचं आहे.

परतताना ताईंनी गाव विचारलं. संभाजीनगर म्हटल्यावर त्या खुलल्या. "तिकडे तर आमच्या बाजूचा वाघ गेलता ना जी!" खरंच गेला होता. २०२१ मध्ये यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातला एक तरुण वाघ तीनशेहून जास्त किलोमीटर चालत आमच्या गौताळा औट्रम घाट अभयारण्यात पोचला आणि कॅमेऱ्यात दिसला. तिथे कित्येक दशकांत वाघ नव्हता. त्याआधी २०१९ मध्ये टिपेश्वरचाच दुसरा वाघ बुलढाण्याच्या ज्ञानगंगेपर्यंत गेला होता, तेराशे किलोमीटरहून जास्त भटकून, गळ्यात रेडिओ कॉलर घेऊन. या वाघांनी शेतं, नाले, डांबरी रस्ते ओलांडले, आणि तेही बहुधा रात्री. ज्या रात्री गौताळ्याचा तो वाघ कन्नडच्या डोंगरात उतरला, त्या रात्री वाळूजमध्ये तिसरी पाळी चालू असणार आणि आम्ही मोटारींचे दात कापत असणार.

"तिकडे रानातले असे कॉल ओळखणारे लोक आहेत का जी?" ताईंनी विचारलं.

असतीलच. कन्नडच्या घाटाखाली आणि वर गुरं राखणारी, मध काढणारी माणसं पिढ्यान्‌पिढ्या त्या रानात वावरली आहेत. घाटाला नाव औट्रम साहेबाचं पडलं, त्याने १८२५ मध्ये खानदेशात भिल्लांची पलटण उभारली होती. पण ते रान ऐकून ओळखणारे इथलेच. माझा मावसभाऊ कन्नडला असतो. त्याला फोन करून सांगितलंय, पुढच्या सुट्टीला येतोय, गाडी प्रवेशद्वाराशीच ठेवू, आणि चंदन नाल्याकडे पायी नेईल असा वनखात्याचा माहितगार माणूस आधीच ठरवून ठेव.